टेबल निवड (पोकर)

पोकर खेळायला बसण्यापूर्वी, आणि बसल्यावरही, आपल्याला सर्वांत अनुकूल असे प्रतिस्पर्धी व त्यांच्यातली योग्य खुर्ची शोधणे म्हणजे टेबल निवड. ती फक्त रोख डावात, म्हणजे कॅश गेममध्ये, शक्य असते. स्पर्धेत जागा सोडतीने ठरते आणि खेळाडू कमी होऊन टेबल मोडले की आयोजक सांगतील तिथे जाऊन बसावे लागते.

पोकरमध्ये टेबलावर बाहेरून काही येत नाही. एकाने कमावलेले दुसऱ्याने गमावलेले असते, शिवाय जागेचा मालक प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, आपला वाटा, म्हणजे रेक, काढून घेतो. समजा नऊ जण बसले आहेत, तासाला ३० डाव वाटले जातात आणि दर डावाला सरासरी १०० रुपये रेक कापला जातो. मग टेबलावरून ताशी ३,००० रुपये, म्हणजे माणशी सुमारे ३३३ रुपये निघून जातात. नऊही जण सारखेच तरबेज असतील तर अखेरीस नऊही हरतात. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण आपण एरवी कुणाला हिणवायला वापरतो, पण पोकरच्या हिशेबात ती अक्षरशः खरी आहे: आपण किती चांगले खेळतो यापेक्षा समोरचे किती चुकतात यावर मिळकत ठरते.

निवड अंदाजाने नव्हे, मोजून करावी. शेजारी उभे राहून निदान वीस डाव पाहावेत आणि कोण किती वेळा स्वतःहून चिप्स (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) घालून डावात उतरतो ते टिपावे. बिग ब्लाइंडवर, म्हणजे पत्ते पाहण्याआधीच ठरावीक रक्कम सक्तीने लावावी लागणाऱ्या जागी, बसून फुकटात फ्लॉप (टेबलावर उघडलेले पहिले तीन सामाईक पत्ते) पाहणारा यात धरू नये. नऊ जणांच्या टेबलावर शंभरात १५–२० डाव खेळणारा घट्ट, ४० च्या वर खेळणारा सैल. फ्लॉपला सरासरी चार किंवा अधिक जण उरत असतील तर टेबल सहसा चांगले. मात्र वीस डावांत एखाद्याला नुसतेच चांगले पत्ते लागलेले असू शकतात, म्हणून शेवटी उघडलेल्या पत्त्यांना अधिक वजन द्यावे. लहानशी जोडी घेऊन शेवटपर्यंत कॉल करणारा, म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच लावत राहणारा, एकदा दिसला, तर तो पुरावा नुसत्या मोजणीपेक्षा मोलाचा.

सैल खेळाडूंतही दोन जाती आहेत. सतत कॉल करणारा, रेज (लावलेली रक्कम वाढवणे) क्वचितच करणारा हा सर्वांत लाभाचा; त्याच्याविरुद्ध ब्लफ करू नये, म्हणजे कच्च्या पत्त्यांवर मोठी रक्कम लावून घाबरवू नये, चांगला हात (चांगले पत्ते) आला की मोठी बेट (पैज) लावावी. तीन पत्तीची सवय असलेल्यांमध्ये ‘शो’ पाहण्याची ओढ असते, तेही बहुधा असेच खेळतात. सतत रेज करणाराही चुकतो, पण त्याच्यासमोर चढउतार फार मोठे होतात. प्रत्येकाचा स्टॅक, म्हणजे समोरच्या एकूण चिप्स, हाही पाहावा: २० बिग ब्लाइंड (त्या सक्तीच्या रकमेच्या वीस पट) घेऊन बसलेल्या कच्च्या खेळाडूकडून एका डावात तेवढेच मिळू शकतात, १५० घेऊन बसलेल्याकडून कितीतरी अधिक.

खुर्चीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि तिथेच खरे नुकसान होते. खेळ घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे डावीकडचा आपल्यानंतर बोलतो. नऊ जणांत एखाद्याच्या लगेच डावीकडे बसले, तर फ्लॉपनंतर नऊपैकी आठ डावांत आपण त्याची चाल पाहून निर्णय घेतो; तो डीलर बटणावर (दर डावाला एक खुर्ची पुढे सरकणारी, फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणारी जागा) असतानाच क्रम उलटतो. दोन खुर्च्या डावीकडे बसले तर नऊपैकी सात. म्हणून रेज करणारे आणि मोठ्या स्टॅकचे खेळाडू आपल्या उजवीकडे असावेत, घट्ट आणि सरळ खेळणारे डावीकडे. हवी ती खुर्ची रिकामी होताच, नवा माणूस येण्याआधी मागून घ्यावी.

नेहमीची चूक म्हणजे एका कच्च्या खेळाडूसाठी सात पक्क्यांमध्ये जाऊन बसणे. तो उठला की उरतात ते आपल्यासारखेच. दुसरी म्हणजे, एकमेकांविरुद्ध बेट न लावणारे दोन मित्र टेबलावर असल्याचे लक्षात न येणे. असे टेबल लगेच सोडावे.

पुण्यात पोकर बहुतेक घरगुती बैठकीत, मित्रमंडळीत खेळला जातो. पैशांचा अड्डा चालवणे राज्यात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांत एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवले. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. त्यामुळे पुणेकर खेळाडूला अनेक टेबलांतून निवड करायला मिळते ती पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर. घरच्या बैठकीत पैसे न लावता चिप्सवर खेळतानाही मोजणीचा सराव होतो. चौदा जण जमले की दोन टेबले मांडावी लागतात, तेव्हा फरक लगेच दिसतो.

टेबल कायम तसेच राहत नाही. दोन जण बदलले की मोजणी नव्याने सुरू करावी. सैल खेळाडू उठले आणि प्रतीक्षा यादीतून घट्ट खेळणारे येऊन बसले, तर आपण तेव्हा जिंकत असलो तरी टेबल बदलून मागावे.