मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पालकत्व कुणाचे? नाशिकमधील अर्जदारांसाठी माहिती

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने तो सज्ञान होतो आणि त्याच्या वतीने सही करण्याचा आई-वडिलांचा अधिकार त्याच दिवशी संपतो. आंघोळीपासून जेवणापर्यंत त्याचे सारे आईच्या हातून होत असले, तरी हा नियम बदलत नाही. बहुतेक कुटुंबांना हे बँकेच्या काउंटरवर किंवा वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करताना कळते, आणि तोवर हातात वेळ उरलेला नसतो.

यावर उपाय राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये आहे. या कायद्यानुसार जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती सज्ञान दिव्यांग व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. समितीत जिल्हाधिकारी, न्यासाकडे, म्हणजे या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेकडे, नोंदणी असलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे सदस्य असतात. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही आणि वकील लावण्याचीही सक्ती नाही. तरीही सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, आसपास शंभर लोक शंभर सल्ले देतात आणि अनेक पालक ‘मीच माझ्या मुलाचा पालक आहे’ असे प्रतिज्ञापत्र मुद्रांक कागदावर नोटरी करून घेऊन येतात. त्या कागदाने पालकत्व मिळत नाही. मृत्युपत्रात थोरल्या भावाचे नाव पालक म्हणून लिहून ठेवल्यानेही समितीची नेमणूक आपोआप होत नाही. भावाला स्वतंत्र अर्ज करावाच लागतो.

अर्ज नाकारला जाण्याचे पहिले मोठे कारण प्रमाणपत्रावरील प्रवर्ग हे आहे. हा कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांना लागू आहे. केवळ अध्ययन अक्षमता किंवा केवळ मानसिक आजार असल्यास ही समिती पालक नेमू शकत नाही. तेथे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील मर्यादित पालकत्वाची वेगळी वाट आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे पालक येथे विशेषकरून अडकतात, कारण त्यांच्या फायलीत गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल असतो, पण बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र नसते. समितीला निदान नव्हे, तर प्रवर्ग आणि टक्केवारी नोंदवलेले दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागते.

दुसरे कारण प्रमाणपत्राची मुदत. बौद्धिक अक्षमतेचे लहानपणी मिळालेले प्रमाणपत्र कायमचे नसते. पाच वर्षांखालील मुलांना ‘विकासात्मक विलंब’ अशा नोंदीचे प्रमाणपत्र मिळते, पुढे ठरावीक वयांना त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि अठराव्या वर्षी फेरतपासणीनंतर दिलेले प्रमाणपत्रच आयुष्यभर चालते. पालक मात्र दहाव्या वर्षीचा कागद प्लॅस्टिकच्या आवरणात जपून घेऊन येतात. जून २०२१ पासून प्रमाणपत्रे केवळ यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच दिली जात असल्याने जुन्या हस्तलिखित प्रमाणपत्रावरही विसंबून राहू नये. त्यामुळे पालकत्वाच्या अर्जाआधी जिल्हा शासकीय रुग्णालयातील, म्हणजे आपल्या सिव्हिलमधील, फेरतपासणी उरकून घेणे शहाणपणाचे आहे. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. ती गृहीत धरून आखणी करावी. सुरगाणा, पेठ किंवा नांदगावहून एसटीने येणाऱ्यांनी बुद्ध्यांक चाचणी कोणत्या दिवशी होते, हे आधी विचारून मगच निघावे. गर्दी आणि आवाज सहन न होणाऱ्या मुलाला रांगेत तासन्‌तास बसवून ‘आज डॉक्टर नाहीत’ असे सांगणाऱ्या व्यवस्थेने त्याची तपासणी करायची आहे की परीक्षा पाहायची आहे, हा प्रश्न मनात येतोच.

तिसरी अडचण आधार कार्डाची आहे. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बाहुल्यांची नोंद अद्ययावत करणे बंधनकारक असते. स्थिर बसू न शकणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते राहून जाते आणि नेमक्या वेळी आधार पडताळणी अयशस्वी होते. ठसे उमटतच नसतील तर अपवाद म्हणून नोंदणी करण्याची तरतूद आहे; केंद्रचालकाने नाही म्हटले तरी ती आहे, हे त्याला शांतपणे सांगावे. नावाचे स्पेलिंग यूडीआयडी कार्ड, आधार आणि जन्मदाखला या तिन्हींवर एकच आहे का, हेही घरीच तपासावे.

जन्मदाखला हा तर चाळिशीच्या पुढच्या व्यक्तींकडे बहुधा नसलेलाच कागद. जी व्यक्ती कधी शाळेतच गेली नाही, तिच्याकडे शाळा सोडल्याचा दाखलाही नसतो. अशा वेळी वयाचा दुसरा कोणता पुरावा चालेल, हे समितीला लेखी विचारावे. जन्माची उशिरा नोंद करायची असल्यास ती आता दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होते आणि तिला वेळ लागतो.

अर्ज ‘नमुना अ’ मध्ये असतो. तो राष्ट्रीय न्यासाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतो. कागदावर दिल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत देऊन शिक्क्याची पोच घ्यावी. पाल्य, म्हणजे ज्याच्यासाठी पालक नेमायचा ती व्यक्ती, राहतो त्या जिल्ह्याच्या समितीकडेच अर्ज जातो. मुलगा नाशिकला आजीकडे आणि आई-वडील पुण्यात असतील, तर पत्त्याचा पुरावा पाल्याचा नाशिकचा हवा. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकतात, मात्र संस्थेला पालकाची संमती लागते. पालक होणारी व्यक्ती भारतीय नागरिक असावी आणि ती दिवाळखोर किंवा गुन्ह्यात दोषी ठरलेली नसावी. पाल्य स्त्री असेल तर एकट्या पुरुषाची नेमणूक होत नाही. त्याच्या पत्नीला सोबत सहपालक व्हावे लागते आणि मुख्य जबाबदारी तिची असते. बहिणीसाठी अर्ज करणाऱ्या अविवाहित भावांना हे ऐनवेळी समजते, म्हणून आधीच मावशी, आत्या किंवा विवाहित बहीण यांच्याशी बोलून ठेवावे.

पालकाची खरोखर गरज आहे का आणि कशासाठी, याचा विचार करणे हे समितीचे कर्तव्य आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे हात थरथरत असले, तरी व्यवहार कळणाऱ्या व्यक्तीसाठी केवळ बँकेतील कारकुनाने सांगितले म्हणून पालकत्वाचा अर्ज करू नये. अंगठ्याने किंवा साक्षीदारांसमक्ष खाते चालवता येते, आणि एखाद्याचा निर्णयाचा अधिकार काढून घेणे हा किरकोळ प्रश्न नाही.

पालकत्वाचे प्रमाणपत्र हातात पडल्यावरही बँकांच्या काही शाखा न्यायालयाचा आदेश मागतात. समितीने दिलेले प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी व चालवण्यासाठी ग्राह्य धरता येते, हे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच परिपत्रकाद्वारे बँकांना कळवले आहे. त्याची प्रत सोबत ठेवावी आणि नकार लेखी द्या, असे म्हणावे. लेखी म्हटले की बरेचसे आक्षेप जागच्या जागी मिटतात.

याच चार प्रवर्गांसाठी न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि उपचारपद्धतींचा, म्हणजे थेरपीचा, खर्चही मिळू शकतो. येथे तारखेचा घोळ होतो, कारण विम्याचे वर्ष नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, तर १ एप्रिल ते ३१ मार्च असे मोजले जाते. जानेवारीत नोंदणी केलेल्यांनी पुढच्या जानेवारीपर्यंत निश्चिंत राहू नये.

नेमणुकीनंतरचे काम बहुतेकांना कुणी सांगतच नाही. पालकाने सहा महिन्यांच्या आत पाल्याची स्थावर-जंगम मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी समितीला द्यायची असते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, जमाखर्च सादर करायचा असतो. पाल्याच्या नावावर फक्त संजय गांधी निराधार योजनेचे पैसे जमा होत असले, तरी तेवढाच हिशेब पासबुकाच्या प्रतीसह द्यावा. पालकाकडून दुर्लक्ष किंवा मालमत्तेचा गैरवापर होत असल्याची तक्रार आल्यास समिती चौकशी करून त्याला हटवू शकते, आणि नातेवाइकांत जमिनीवरून वाद असेल तर अशी तक्रार येतेच. तेव्हा पोच घेतलेले हिशेबच कामास येतात. पालकत्व वारसाने पुढे जात नाही. विद्यमान पालकाच्या पश्चात जो अर्ज करणार आहे, त्याला ही फाईल घरात कुठे ठेवली आहे ते आजच दाखवून ठेवावे.