साखरशाळा

साखरशाळा : साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी त्यांच्या कोप्यांच्या (तात्पुरत्या झोपड्यांच्या) तळाजवळ भरणारी हंगामी प्राथमिक शाळा. मुलांना उसाच्या फडातल्या कामातून सोडवून शिक्षणात टिकवणे, हा तिचा हेतू. २०१० नंतर तिची जागा बहुतांशी मूळ गावातील हंगामी वसतिगृहांनी घेतली.

नाव व उगम : कामाच्या जागेवरून शाळेला नाव देण्याची रीत मराठीत या शाळांच्या आधीची आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कामात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भोंगाशाळा चालवल्या (भोंगा म्हणजे भट्टीमजुरांची बुटकी झोपडी). पुण्याजवळच्या दगडखाणींत संतुलन संस्थेची पाषाणशाळा आली. ‘साखरशाळा’ हा शब्द याच घडणीचा असून १९९० च्या दशकात किंवा त्यानंतर लवकरच रूढ झाला असावा. उगमाचे श्रेय कधी शासनाच्या योजनांना, तर कधी स्वयंसेवी संस्थांना दिले जाते. तळावर कोणी तासभर अक्षरे गिरवून घेतली तरी तिला शाळा म्हणायचे ठरवले, तर उगम बराच मागे नेता येईल. हंगामभर चालणारी, शिक्षक नेमलेली व पट ठेवणारी शाळा हा निकष लावल्यास औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जनार्थ संस्थेचे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले काम अधिक ठळक ठरते.

मुलांचे काम : बीड, जालना, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) इ. जिल्ह्यांतील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत, लांबलेल्या हंगामात मेपर्यंत, तिकडेच राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा मजूर अर्धा कोयता. उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आधी घेतलेली असते आणि ती टनावर फेडायची असते. मूल मुकादमाच्या वहीत कुठेच नसते. मात्र ते वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करून बांधते, मोळीसाठी ऊस ओढते, बैलांना पाणी दाखवते; मुलगी कोपीवर भाकरी करते व धाकटे भावंड सांभाळते. वाढे चारा म्हणून विकले जातात. मजुरी उचलीत वळती होत असल्याने आठवडी बाजाराला लागणारी रोकड बऱ्याच अंशी या वाढ्यांतूनच येते. पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देणाऱ्या मोहिमा हा हिशेब सहसा धरत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ५ ते १४ वयोगटातील काम करणारी मुले सुमारे ५ लाख होती. गणना फेब्रुवारीत, गळीत ऐन भरात असताना झाली. घरकाम व भावंडे सांभाळणे हे जनगणनेच्या व्याख्येत काम नसल्याने कोपीवरची मुलगी या आकड्यात धरली जात नाही.

कायद्यातील स्थान : १९८६ च्या बालकामगार कायद्याने विशिष्ट व्यवसाय व प्रक्रियांपुरती बंदी घातली होती. शेतीकामापैकी पुढे जे भाग सूचीत आले ते यंत्रांशी संबंधित होते. कोयत्याने होणारी तोड बाहेरच राहिली. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत मनाई केली, पण शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत कुटुंबाला वा कौटुंबिक व्यवसायाला मदत करण्याची मुभा ठेवली. कोयता हा जोडप्याचा असल्याने तोड हा ‘कौटुंबिक व्यवसाय’ ठरतो, असे म्हणता येते. तथापि ऊस कारखान्याला जायचा, मजुरी टनावर ठरलेली आणि कारखाना–वाहतूकदार–मुकादम अशी साखळी असताना त्याला कुटुंबाचा धंदा म्हणणे ओढाताणीचे आहे. शिवाय ही मुभा घेतली तरी शाळेची वेळ वगळावीच लागते.

शाळेची रचना व मर्यादा : साखरशाळा मुख्यतः गाडी सेंटरवर जमली. बैलगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ हंगामभर एका जागी असतो. ट्रक-ट्रॅक्टरवर ऊस भरणाऱ्या टोळ्या मात्र फडामागे गावोगाव हलतात. त्यांच्या मुलांपर्यंत ती क्वचितच पोचली. बैलगाड्या घटत गेल्या तसा या शाळेचा पायाही आकसला.

वेळ हा दुसरा अडसर. टोळी पहाटे तीन-चारला फडात जाते आणि खाली करायला गाडीचा नंबर कधी लागेल याचा नेम नसतो. मोठी मुलगी मोकळी व्हायची तर धाकट्याची सोय आधी लागते. तळावर अंगणवाडी नसेल, तर पटावरच्या मुली भावंडांना कडेवर घेऊन येतात किंवा येतच नाहीत. तिसरी अडचण दुहेरी पटाची : नाव गावच्या शाळेत, मूल तळावर, आणि परीक्षा सरल्यावर घरी परतणे. कर्नाटकातील तळांवर माध्यमाचा प्रश्न यात मिसळतो.

शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) आल्यावर मान्यता व भौतिक निकष नसलेली वेगळी शाळा चालवणे अवघड झाले. मुलाला जवळच्या नियमित शाळेत वयानुरूप वर्गात घ्यावे, दाखल्याला उशीर झाला तरी प्रवेश अडवू नये, अशी तरतूद आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किमी.च्या आत हवी; तळ मात्र शाळा पाहून पडत नाही.

हंगामी वसतिगृह : येथे मूल गावातच राहते व शाळा व्यवस्थापन समिती त्याची व्यवस्था पाहते. दुपारचे जेवण शालेय पोषण आहारातून, सकाळ-संध्याकाळचे गावातील बायका रांधतात. झोपायला पुष्कळ मुले आजी-आजोबा किंवा चुलत्याकडे जातात, त्यामुळे ‘वसतिगृह’ हा शब्द काहीसा फसवा आहे. कुठल्या घरातून कोण निघणार व मागे कोण राहणार, याची यादी उचल वाटली जाते त्या सुमारासच, म्हणजे पावसाळ्यात, करावी लागते. मंजुरी दिवाळीनंतर आली तर मुले आधीच गाडीत बसलेली असतात. फुगवलेला पट ही नेहमीची तक्रार. यादी ग्रामसभेत वाचून दाखवल्यास तिला बराच आळा बसतो. सहा वर्षांखालील मूल आईबरोबरच जाते आणि त्याच्यामागे थोरली बहीण. बारा-तेरा वर्षांच्या मुलींना मागे ठेवायला पालक धजत नाहीत. काहींची लग्नेच उरकली जातात. तरीही वर्गाची सलगता व गावाची नजर या दोन्ही कारणांनी ही पद्धत साखरशाळेपेक्षा टिकाऊ ठरल्याचे दिसते. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना स्वतंत्रपणे सुरू केली.

दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे डांग, नंदुरबार, धुळे येथून आदिवासी टोळ्या जातात. त्यांपैकी नंदुरबार-धुळ्याच्या मुलाला तेथे घरची बोली, मराठी शाळा व गुजराती परिसर असे तिहेरी अंतर ओलांडावे लागते.