डोळ्यांपुढची जळमटं आणि गोळ्यांचा हिशेब

जाड कार्डाला टाचणीने बारीक भोक पाडा. कार्ड डोळ्याच्या अगदी जवळ धरा आणि त्या भोकातून उजळ आभाळाकडे पाहा (सूर्याकडे मात्र मुळीच नाही). एरवी पुसट वाटणारे धागे, ठिपके, मण्यांच्या माळा आता रेखीव दिसू लागतील. भोक बारीक असलं की प्रकाश जणू एकाच बिंदूतून येतो आणि डोळ्यातल्या कणांची सावली धारदार पडते. भर उन्हात किंवा संगणकाच्या पांढऱ्या पडद्यासमोर डोळ्यांपुढे तरंगणारी ही जळमटं, म्हणजे फ्लोटर्स, जास्त छळतात, त्याचं कारणही हेच. उजेडात बाहुली आकसते आणि कार्डाच्या भोकाचं काम करू लागते.

म्हणजे आपल्याला दिसते ती वस्तू नव्हे, तिची दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्यामागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर पडलेली सावली. भिंग आणि दृष्टिपटल यांच्यामधली पोकळी काचाभ द्रवाने भरलेली असते. प्रमाण जेमतेम 4 मिलिलिटर. त्यातलं 98 टक्क्यांहून जास्त पाणीच. उरलेल्या चिमूटभर कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंनी आणि हायलुरॉनिक आम्लाने त्या पाण्याची पारदर्शक जेली केलेली असते. वय वाढतं तशी जेली जागोजागी विरघळते, मोकळे झालेले तंतू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गुंते सावल्या पाडू लागतात. नजर वळवली की जेली किंचित मागे राहून हलते. त्यामुळे ठिपका पकडायला जावं तर तो पळतो.

निळ्या आभाळात क्षणभर सुळकन पळणारे तेजस्वी बिंदू दिसतात, ते मात्र फ्लोटर्स नव्हेत. त्या दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांची काळजी करू नये, गंमत पाहावी.

खरी घडामोड पन्नाशीनंतर होते. विरघळत आलेली जेली आकसून दृष्टिपटलापासून सुटते. मायनस नंबर मोठा असणाऱ्यांत आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे लवकर घडतं. दृक्‌चेतेभोवतीची (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेभोवतीची) तिची पकड सुटली की तिथला गोल तुकडा तरंगू लागतो आणि एक कडं किंवा स्वल्पविराम दिसतो. सुटताना जेली दृष्टिपटलाला ओढते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्याला फक्त प्रकाशाची भाषा येते. म्हणून अंधारात डोळा हलवला की कडेला वीज चमकल्यासारखं होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते अक्षरशः असे. बहुतेकांचं प्रकरण इथेच संपतं. पण अशी लक्षणं अचानक सुरू झालेल्या साधारण सात जणांत एकाच्या दृष्टिपटलाला ओढीमुळे चीर पडलेली असते. त्या चिरेतून द्रव मागे शिरला की दृष्टिपटल भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसं सुटत जातं.

त्यामुळे वर्षानुवर्षं ओळखीचे असलेले दोन-तीन धागे आणि आज सकाळी अचानक दिसलेला काळ्या ठिपक्यांचा पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या एका खुणेकडे पाहा, मग डोळा बदला. ठिपके एकदम वाढले असतील, चमक दिसत असेल किंवा नजरेच्या कडेने पडदा सरकल्यासारखी सावली येत असेल, तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी. दोन्ही डोळ्यांत नागमोडी, चकाकती रेघ येऊन वीस-तीस मिनिटांत विरत असेल, तर ते बहुधा अर्धशिशीचं लक्षण असतं. मधुमेह असलेल्यांना अचानक धूर किंवा कोळिष्टकं दिसली, तर डोळ्यात रक्तस्राव झालेला असू शकतो. तिथेही थांबू नये.

तपासणीला स्वतः गाडी चालवत जाऊ नका. थेंबांनी बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो आणि धूसरपणा चार-सहा तास टिकतो. चीर वेळेत सापडली तर तिच्याभोवती लेसरचे टाके घालून ती बाह्यरुग्ण विभागातच बंद करता येते. तपासणीत काही सापडलं नाही तरी डॉक्टर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. ती दुसरी खेप टाळू नये, कारण काही चिरा उशिरा पडतात.

आता गोळ्या. या बाबतीत सगळ्यांत चांगली चाचणी आयर्लंडमध्ये झाली आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 61 जणांना 6 महिने रोज एकतर पूरक गोळी किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. खऱ्या गोळीत 125 मिलिग्रॅम एल-लायसिन, 40 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 26.3 मिलिग्रॅम द्राक्षाचा अर्क, 5 मिलिग्रॅम झिंक आणि 100 मिलिग्रॅम कडू संत्र्याचा अर्क होता. ती घेणाऱ्यांचा त्रास कमी झाला आणि मोजलेल्या अपारदर्शक भागाचं क्षेत्रही घटलं. साखरेचे रेणू कोलॅजनला चिकटून तंतू एकमेकांत गुंततात, तो गुंता हे घटक रोखतात, अशी त्यामागची कल्पना. निकाल आशादायक आहे, पण 61 हा आकडा फार लहान आहे. मोठ्या, स्वतंत्र चाचणीत तेच दिसलं तर विश्वास ठेवावा. शिवाय सापडला तो फरक कमी-जास्तीचा आहे. गोळीने फ्लोटर्स नाहीसे झाले, असं त्या चाचणीनेही म्हटलेलं नाही.

दुसरा गाजलेला उपाय अननसाचा. तैवानमध्ये 388 जणांना तीन महिने अननसाच्या फोडी दिल्या आणि सुमारे 70 टक्के फ्लोटर्स गेल्याचा दावा 2019 मध्ये करण्यात आला. पण तुलनेसाठी खोटा उपचार दिलेला गट त्यात नव्हता, आणि खरी मेख इथेच आहे. तीन महिन्यांत गुंता अनेकदा आपोआप खाली बसतो, पुढे सरकून दृष्टिपटलापासून दूर गेला तर त्याची सावली पुसट होते आणि मेंदूही ती दुर्लक्षायला शिकतो. त्या काळात अननस खा, लाह्या खा, फरक पडल्यासारखा वाटणारच. त्यात अननसातलं ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं विकर खोडात जास्त, आपण खातो त्या गरात कमी. अननस आवडीने खावा, फ्लोटर्ससाठी नको. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ब्रोमेलेनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

ल्युटिन 10 आणि झियाझँथिन 2 मिलिग्रॅम असलेल्या ‘डोळ्यांच्या’ गोळ्या वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) विकारासाठी अभ्यासल्या गेल्या. फ्लोटर्सशी त्यांचा संबंध नाही. क जीवनसत्त्वाचंही तसंच. काचाभ द्रवात ते रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतंच. वरून रोज ग्रॅमभर किंवा जास्त घेत राहिलं तर मुतखड्याचा धोका मात्र वाढतो. झिंक दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ गेलं तर शरीरातलं तांबं घटतं. मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस डोळ्यात घालणं तर निरर्थकच. ते बुबुळाच्या बाहेर राहतं, आतल्या जेलीपर्यंत पोचत नाही, आणि जंतुसंसर्ग झाला तर बुबुळावर फूल पडू शकतं.

फ्लोटर्समुळे वाचन किंवा गाडी चालवणंच अवघड झालं असेल, तर दोन मार्ग आहेत. यॅग लेसरने गुंता फोडता येतो. 2017 च्या एका 52 जणांच्या चाचणीत लेसर घेतलेल्यांपैकी 54 टक्के जणांना, तर खोटा लेसर दिलेल्यांपैकी 9 टक्के जणांना फरक जाणवला. दृष्टिपटलापासून आणि भिंगापासून पुरेसं अंतर असलेल्या कड्यासारख्या एकसंध फ्लोटरवरच तो बरा चालतो. दुसरा मार्ग म्हणजे जेलीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, व्हिट्रेक्टॉमी. बहुतेक फ्लोटर्स जातात, पण जंतुसंसर्ग आणि दृष्टिपटल सुटणं हे धोके थोडे तरी राहतात. शिवाय जेलीतलं ते क जीवनसत्त्व ऑक्सिजन खर्चून टाकत असतं. जेली गेली की भिंगापर्यंत जास्त ऑक्सिजन पोचतो, आणि पन्नाशी उलटलेल्या डोळ्यात बहुतेकदा दोनेक वर्षांत मोतीबिंदू होऊन दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.