मूल दोघांकडे, पोटगी कोणाकडून?

घटस्फोटानंतर मुलाचा ताबा अर्धाअर्धा झाला तर पोटगीही निम्मी होते का? घटस्फोटाच्या बोलणीत हा प्रश्न हल्ली फार लवकर निघतो. आपल्या कायद्यात त्याचं थेट उत्तर नाही. कायदे झाले तेव्हा मूल एका घरी राहील आणि दुसऱ्या घरून पैसे येतील, हे धरूनच चाललेलं होतं. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने मुलांना पोसण्याची जबाबदारी आई-वडील दोघांवरही टाकली, पण व्यवहारात पोटगी म्हणजे बापाने भरायची रक्कम असंच रूढ झालं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली (पोटगीचं कलम) तर २००१ पर्यंत महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. तेवढ्या रकमेत मूल कुणाकडे किती रात्री राहतं याचा हिशेब करणार कोण?

ठोस हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या एका निकालात दिसतो. आई-वडील दोघेही कमावते होते. प्रत्येक मुलामागे दरमहा ३००० रुपये धरले गेले आणि वडिलांनी दोन हिस्से, आईने एक हिस्सा उचलावा असं ठरलं. खर्च मिळकतीच्या प्रमाणात वाटला गेला, रात्रींच्या नव्हे.

मग २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल आला. मूल १ जानेवारी ते ३० जून वडिलांकडे आणि १ जुलै ते ३१ डिसेंबर आईकडे, शनिवार-रविवारी दुसऱ्याची भेट, शिक्षणाचा आणि इतर खर्च दोघांनी समसमान. संयुक्त ताब्याचं उदाहरण म्हणून तो पुन्हा पुन्हा सांगितला जातो. मला त्यातला ‘समसमान’ हा शब्द खटकतो. दिवस सारखे म्हणून खर्च सारखा, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण एकाचा पगार दुसऱ्याच्या तिप्पट असेल, तर निम्मी फी एकाला जाणवतही नाही आणि दुसऱ्याचा महिना कोलमडतो. शिवाय कॅलेंडर बघा. जूनमध्ये शाळा उघडते. वह्या, गणवेश, रेनकोट, बूट सगळं तेव्हाच लागतं. दिवाळी दुसऱ्या सहामाहीत. जो आधी खिशातून घालतो त्याला मागाहून पावत्या पाठवून निम्मे मागावे लागतात.

घोळ ‘संयुक्त ताबा’ या शब्दातही आहे. कुणी त्याचा अर्थ समान दिवस असा घेतं, कुणी शाळा-औषधपाण्याचे निर्णय मिळून घेणं असा, तर कुणी दर शनिवारी रात्रीच्या मुक्कामालाच तो शब्द लावतं आणि पोटगी कमी करून मागतं.

ब्रिटनमध्ये मूल पोटगी भरणाऱ्या पालकाकडे वर्षाला किती रात्री राहतं ते मोजतात: ५२ रात्रींपासून पोटगीचा सातवा हिस्सा कमी होतो, १०४ पासून दोन सप्तमांश. नियम स्पष्ट आहे, पण तिथे ५१ आणि ५२ यांमध्ये पैशाचा फरक पडतो आणि एकेक रात्र वादाची होऊ शकते.

आपल्याकडे विधी आयोगाच्या २०१५ च्या एका अहवालाने संयुक्त ताब्याची शिफारस केली आणि मुलाचा खर्च १८ नंतर, गरज पडल्यास २५ व्या वर्षापर्यंत देता यावा असंही सुचवलं. कायद्यात मात्र तो बदल आला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने दोन्ही बाजूंना मिळकत, मालमत्ता, कर्ज शपथपत्रावर लिहायला लावलं. मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करावा, आई पुरेसं कमावत असेल तर तो प्रमाणात वाटून घ्यावा, असंही त्यात आहे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १२५ कलमाचं १४४ झालं. रात्रींचं गणित त्यातही नाही.

म्हणून ज्यांना खर्चाची स्पष्ट वाटणी हवी असते, ते संमतीच्या अटींमध्ये (दोघांनी मिळून कोर्टात दिलेल्या करारात) लिहून घेतात: फी कुणी भरायची, जूनची खरेदी कुणाची, क्लास आणि दवाखान्याचा खर्च कुठल्या प्रमाणात, आणि पगार बदलला तर आकडा पुन्हा कधी ठरवायचा.