लंडन साडेचार तासांत? तिकीट नीट वाचा

सांगली-मिरजेत एक समज पक्का आहे: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून लंडनला जाताना वेळ वाचतो. दाखल्याला तिकीट पुढे करतात. समजा, विमान मुंबईहून सकाळी ७ ला सुटलं, लंडनला ११.३० ला पोचलं. पण दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या घड्याळाच्या! हिवाळ्यात साडेपाच तास मिळवा (मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार). झाले १० तास. परतीचं दुपारी १ ते पहाटे ३.४५, त्यातून साडेपाच वजा, उरले सव्वानऊ. म्हणजे जाणंच लांबतं. अंतर तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पाडतो तो १०-१२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणारा जोरदार वारा. परतणाऱ्यांना मुंबईहून आणायला जाताना तारीखही बघा: ते पहाटे उतरणार असतील, तर सांगलीहून गाडी आदल्या संध्याकाळीच काढायला हवी.