छुप्या पाणीगळतीचा शोध (व्यापारी इमारती)

कार्यालये, दुकानसंकुले, हॉटेले, रुग्णालये यांसारख्या इमारतींत भिंतींमध्ये, स्लॅबमध्ये, फॉल्स सीलिंगच्या वर किंवा उभ्या डक्टमध्ये झाकलेल्या पाइपांतून होणारी आणि डोळ्यांना थेट न दिसणारी गळती कमीत कमी तोडफोड करून नेमकी हुडकण्याच्या कामाला छुप्या पाणीगळतीचा शोध असे म्हणतात. या कामात उपकरणांना महत्त्व आहेच. पण त्याहून अधिक महत्त्व तपासाच्या क्रमाला आहे. आधी पाणी कोणत्या व्यवस्थेतले आहे ते ठरवायचे, मग त्या व्यवस्थेची कोणती शाखा गळते ते पाहायचे आणि शेवटी गळतीची जागा शोधायची. हा क्रम सोडून थेट ओल दिसते तेथे छिन्नी चालवली, की बहुतेक वेळा कोरडा पाइप उघडा पडतो.

घरातील गळती आणि व्यापारी इमारतीतील गळती यांत मोठा फरक आहे. अशा इमारतीत पिण्याचे पाणी, सतत फिरत राहणारे गरम पाणी, अग्निशमनाच्या वाहिन्या, वातानुकूलनाचे थंड पाणी, त्याच यंत्रणेतून निघणारे बाष्पजल (हवेतील बाष्प गार होऊन जमलेले पाणी), सांडपाणी आणि गच्चीवरून उतरणारे पावसाचे पाणी या साऱ्यांचे पाइप एकाच डक्टमधून शेजारीशेजारी जातात. शिवाय पाणी सरळ खाली पडत नाही. ते पाइपाच्या अंगाने उतारावर सरकते, स्लॅबवरच्या भरावात साठते, विजेच्या तारा नेणाऱ्या कॉन्ड्युटमध्ये (नळीत) शिरते आणि वाट मिळेल तेथे, कधी दिव्याच्या फिटिंगमधून, कधी स्लॅबला पाडलेल्या भोकातून बाहेर येते. त्यामुळे डाग आणि गळती यांच्यात कित्येक मीटरांचे, क्वचित दोनतीन मजल्यांचेही अंतर असू शकते.

तरीही डाग नीट पाहिला तर तो बरेच काही सांगतो. फॉल्स सीलिंगच्या तक्त्यावर एकात एक अशी तपकिरी वलये उमटली असतील आणि प्रत्येक वलयाची कड गडद असेल, तर ती जागा पुन्हा पुन्हा भिजून वाळली आहे, म्हणजेच गळती अधूनमधून होणारी आहे. अशा वेळी संशय सांडपाण्याच्या पाइपावर, न्हाणीघराच्या जलरोधनावर किंवा पावसाच्या पाण्यावर घ्यावा. डाग एकसारखा ओला राहून हळूहळू पसरत असेल, तर सतत दाबाखाली असलेल्या पाइपाचा विचार आधी करावा. भिंतीला लोणा लागणे, रंगाचे पोपडे सुटणे, लाकडी पट्ट्या फुगणे, कुबट वास येणे ही ओल मुरल्याची नेहमीची लक्षणे आहेत. भिजलेल्या जिप्सम बोर्डावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. म्हणून डाग दिसताच तपास सुरू करणे हिताचे असते.

गळतीची कारणे पाइपाच्या प्रकारानुसार बदलतात. तांब्याच्या पाइपाला आतून टाचणीएवढी छिद्रे पडतात. जस्तलेपित लोखंडी पाइप आट्यांच्या सांध्यापाशी गंजतात, आणि तेथेच तांबे किंवा पितळ जोडलेले असले तर हा गंज वेगाने वाढतो. प्लॅस्टिकच्या पाइपात बहुधा सांधाच दगा देतो : द्रावण नीट न लावलेला किंवा तापमानानुसार लांबी कमीजास्त होण्यास जागा न ठेवलेला सांधा काही वर्षांनी सुटतो. जलाघात, म्हणजे वाहते पाणी एकदम अडल्याने बसणारा दाबाचा धक्का, हाही सर्वत्र नुकसान करतो. धातूच्या पाइपातून सेकंदाला १ मी. वेगाने वाहणारे पाणी झडप पटकन मिटून एकाएकी थांबवले, तर दाब क्षणभर सुमारे १२ बारने वाढू शकतो. असे धक्के वर्षानुवर्षे बसले की कमकुवत सांधा गळू लागतो.

तपासाची सुरुवात मीटरपासून होते. इमारत रिकामी असताना, साधारणपणे रात्री १ ते ४ च्या दरम्यान, वापर नसूनही मीटर फिरत असेल तर पाणी कोठेतरी जात आहे हे उघड आहे. मात्र मुख्य मीटरनंतर टाकी असेल तर मीटर टाकी भरण्याची नोंद करतो, गळतीची नाही. तेव्हा टाकीत येणारे पाणी बंद करून पातळी मोजावी. टाकीचे तळक्षेत्र १२ चौ. मी. असेल, तर पातळीतील १ सेंमी. घट म्हणजे १२० लि. पाणी होय. वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरला (यंत्रणेतील तापलेले पाणी निववणाऱ्या मनोऱ्याला) आपोआप जाणारे भरपाईचे पाणी आणि फ्लशच्या टाक्यांतून भांड्यात नकळत वाहणारे पाणी या हिशोबातून आधी वजा करावे लागते. फ्लशच्या टाकीत रंग टाकून पाऊण तास फ्लश न करता भांड्यात रंग उतरतो का ते पाहणे ही अगदी साधी चाचणी आहे. ती वगळून थेट भिंती तपासायला लागणे ही या कामातील वारंवार होणारी चूक आहे.

छोट्या छिद्राकडे दुर्लक्ष का करू नये हे आकड्यांवरून कळते. १.५ मिमी. व्यासाच्या छिद्रातून ४ बार दाबाखाली मिनिटाला सुमारे १.८ लि., म्हणजे दिवसाला अडीच हजार लिटरांच्या आसपास पाणी जाते. उंच इमारतीत दर १० मी. उंचीमागे दाबात सुमारे १ बारचा फरक पडतो. त्यामुळे तेच छिद्र खालच्या मजल्यावर अधिक पाणी सोडते.

पाणी कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एका बाटलीभर नमुन्यात मिळते. पुरवठ्याच्या पाण्यात क्लोरीनचा अंश असतो. बाष्पजलात विरघळलेले क्षार जवळजवळ नसतात, म्हणून त्याची विद्युत्‌वाहकता फार कमी भरते. बंदिस्त थंड पाण्याच्या व्यवस्थेत गंजरोधक रसायने घातलेली असतात, ती तपासता येतात. काँक्रीटमधून लांबवर झिरपलेल्या पाण्यातील क्लोरीन मात्र वाटेतच संपते आणि त्यात चुन्याचे क्षार मिसळतात. त्यामुळे नमुना शक्य तितका उगमाजवळून घ्यावा आणि क्लोरीन सापडला नाही एवढ्यावरून पुरवठ्याचा पाइप निर्दोष ठरवू नये.

व्यवस्था ठरली की झडपा क्रमाक्रमाने मिटून शाखा वेगळ्या केल्या जातात आणि प्रत्येक शाखेवर दाबमापक लावला जातो. मिटलेल्या शाखेतील दाब उतरत गेला तर संशय त्या शाखेवर जातो. येथे दोन गोष्टी फसवतात. जुनी झडप पूर्ण मिटत नाही, आणि गरम पाणी निवताना गळती नसतानाही दाब उतरतो. म्हणून झडपेची खात्री आधी करावी आणि गरम पाण्याच्या शाखेचे तापमान स्थिरावल्यावरच नोंद घ्यावी. प्रत्यक्षात इमारतीचे नकाशे आणि झडपांची यादी अद्ययावत असेल तर हे काम एका रात्रीत उरकते. नसेल तर झडपा शोधण्यातच रात्र जाते.

शाखेतील नेमकी जागा शोधण्याचे सर्वांत जुने साधन कान हे आहे. दाबाखाली फटीतून सुटणारे पाणी आवाज करते आणि तो पाइपाच्या अंगाने पुढे जातो. धातूच्या पाइपात तो दूरवर पोचतो. प्लॅस्टिकच्या पाइपात लवकर विरतो आणि उरतो तो खालच्या पट्टीतला. ऐकण्याची दांडी पाइपाला टेकवून किंवा जमिनीवर मायक्रोफोन ठेवून, लिफ्ट आणि पंप शांत असताना हे ऐकतात. कोरिलेटर या उपकरणात पाइपाच्या दोन टोकांना संवेदक लावून एकच आवाज दोन्हीकडे किती फरकाने पोचला हे मोजतात. समजा, दोन संवेदकांमध्ये ६० मी. पाइप आहे, त्यात आवाजाचा वेग सेकंदाला १,२०० मी. आहे आणि फरक ०.०२ सेकंद भरला. त्या वेळात आवाज २४ मी. जातो, ते ६० मधून वजा करून उरलेल्या ३६ मी. चे निम्मे केले की गळती जवळच्या संवेदकापासून १८ मी. वर आहे असे निघते. पाइप कशाचा आहे हे चुकीचे धरले तर वेग चुकतो आणि जागाही चुकते. प्लॅस्टिकमध्ये हा वेग धातूच्या निम्म्याहूनही कमी असतो.

अवरक्त कॅमेऱ्याविषयी गैरसमज फार आहेत. तो भिंतीच्या आत पाहत नाही. त्याला फक्त पृष्ठभागाचे तापमान दिसते. गरम पाण्याच्या गळतीसाठी तो उत्तम आहे, पण तेथेही उष्णता पसरून मोठा धूसर पट्टा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे गरम पाणी काही तास बंद ठेवून जमीन निवू द्यावी आणि पुरवठा सुरू करताच पहिली ऊब कोठे फुटते ते पाहावे. थंड पाण्याची ओल बाष्पीभवनामुळे थोडी गार दिसते. तशीच गार जागा वातानुकूलनाच्या झोतामुळेही दिसते. म्हणून कॅमेऱ्यातील प्रत्येक खूण आर्द्रतामापकाने पडताळावी लागते, आणि त्या मापकालाही भिंतीतील क्षार व सळया चकवतात हे लक्षात ठेवावे लागते.

आवाज लागत नाही अशा बारीक गळतीसाठी पाइप रिकामा करून त्यात ५% हायड्रोजन आणि ९५% नायट्रोजन यांचे मिश्रण भरतात. या प्रमाणात ते पेट घेत नाही. हायड्रोजनचे रेणू अतिशय लहान व हलके असल्याने ते फटीतून निघून काँक्रीट आणि फरशीचे सांधे भेदून वर येतात व संवेदकाला सापडतात. त्या वेळी वातानुकूलन बंद ठेवणे आवश्यक असते, नाहीतर वायू सापडण्याआधीच उडून जातो.

सांडपाण्याच्या पाइपात दाब नसल्यामुळे वरील बहुतेक उपाय तेथे लागू पडत नाहीत. तेथे रंगीत पाणी, पाइपात सोडायचा कॅमेरा आणि धूर वापरतात. न्हाणीघराच्या जलरोधनाचा संशय असेल तर निचरा बंद करून जमिनीवर पाणी साठवतात आणि किमान २४ तास खालच्या मजल्याचे छत पाहतात. प्रत्येक न्हाणीघराला वेगळा रंग वापरल्यास दोषी कोण हे वादाविना ठरते.

जागा निश्चित झाल्यावर आधी लहान भोक पाडून एंडोस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत पाहतात आणि मगच फोडतात. पूर्वताणित स्लॅबमध्ये ताणलेल्या तारांचे स्थान भूभेदी रडारने तपासल्याशिवाय छिद्र पाडणे जिवावर बेतू शकते. दुरुस्तीनंतर, बरेच दिवस मिटून ठेवलेल्या शाखेत पाणी साचून लिजिओनेला हे न्यूमोनियासारखा आजार घडवणारे जीवाणू वाढण्याचा धोका असल्याने ती शाखा भरपूर पाणी सोडून धुतात. त्यानंतर रात्रीची मीटर-नोंद पुन्हा घेतली जाते. कारण मोठी गळती बंद झाल्यावर शाखेतील दाब वाढतो आणि तोवर तिच्या आवाजात दडलेले दुसरे छिद्र पहिल्यांदाच ऐकू येते.