एका ग्राहकाच्या भरवशावर उभ्या कंपन्या : पार्श्वभूमी

कंपनीचा मोठा महसूल एकाच ग्राहकाकडून येत असेल तर गुंतवणूकदाराला ते कळले पाहिजे, हे अमेरिकी लेखामानकांनी १९७६ मध्येच मान्य केले. उंबरठा ठरला १० टक्क्यांचा. पुढे आंतरराष्ट्रीय मानकांतही तोच आला. ग्राहकाचे नाव सांगण्याची सक्ती मात्र त्यांत नाही. टक्केवारी कळते, पण करार कधी संपतो आणि कोण मोडू शकतो, हे त्या आकड्यात दिसत नाही. खरी मेख तिथेच आहे.

तंत्रज्ञान क्षेत्रात ती अधिक बोचते, कारण इथला बडा ग्राहक आज जे विकत घेतो ते उद्या स्वतः बनवू शकतो. ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजचे उदाहरण पाहा. आयफोनमधील ग्राफिक्सचे तंत्रज्ञान तिचे होते आणि जवळपास निम्मा महसूल अ‍ॅपलकडून येई. अ‍ॅपलकडे तिचे सुमारे ८ टक्के समभागही होते, त्यामुळे नाते पक्के वाटत होते. ३ एप्रिल २०१७ रोजी कंपनीने जाहीर केले की, पंधरा महिने ते दोन वर्षांत अ‍ॅपल हे तंत्रज्ञान वापरणे थांबवणार आहे. त्याच दिवशी समभाग ६० टक्क्यांहून अधिक कोसळला. त्या वर्षी कंपनी ५५ कोटी पौंडांना विकली गेली.

भागीदाराने आगाऊ पैसे दिले म्हणजे धोका टळला, असेही नाही. नीलम काच (सॅफायर, म्हणजे सहज ओरखडे न पडणारी काच) बनवण्यासाठी अ‍ॅपलने २०१३ मध्ये जीटी अ‍ॅडव्हान्स्ड या अमेरिकी कंपनीला ५७.८ कोटी डॉलर टप्प्याटप्प्याने द्यायचे कबूल केले. ही रक्कम परत फेडायची होती आणि ठरावीक माल घेण्याचे बंधन अ‍ॅपलवर नव्हते. म्हणजे कारखान्याची जोखीम जवळजवळ सगळी पुरवठादाराच्या माथी. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. असा करार वाचूनही तो समभाग घेणाऱ्यांनी पाहिले ते फक्त अ‍ॅपलचे नाव, असे माझे मत आहे.

आता हाच प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरपाशी आला आहे. डेटा सेंटरमधील संगणनक्षमता भाड्याने देणाऱ्या कोअरवीव्ह या अमेरिकी कंपनीच्या मार्च २०२५ च्या भागविक्रीच्या माहितीपत्रकानुसार २०२४ च्या महसुलातील ६२ टक्के वाटा मायक्रोसॉफ्टचा होता. त्याच महिन्यात कोअरवीव्हने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी ११.९ अब्ज डॉलरपर्यंतचा करार केला. ग्राहक वाढला खरा. पण ओपनएआय स्वतः तोट्यात होती आणि तिची सर्वांत मोठी गुंतवणूकदार मायक्रोसॉफ्टच होती.